चाक कोणाचे? नगर जिल्ह्यातील चाकांच्या उधारीचा इतिहास आणि आजचा प्रश्न



गेल्या वर्षभरात आपल्या सभासद कुटुंबांपैकी काहींनी आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मांडला. मोटारीची, टेंपोची वा ट्रॅक्टरची चाके आणि टायर गिऱ्हाइकास प्रथम भाड्याने द्यावयाचे, ठरलेले हप्ते पुरे झाले म्हणजे ते त्याच्या मालकीचे करावयाचे, आणि या व्यवसायाचे दुकान एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावाने, तिची फ्रँचायझी घेऊन चालवावयाचे, अशी ही योजना आहे. कोणाच्या घरी निवृत्तीची रक्कम आली आहे, कोणी रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला घेऊन बसला आहे, कोणाचा मुलगा शिकून रिकामा आहे. "पैसा यात घालावा की घालू नये?" असा त्यांचा सरळ प्रश्न आहे.

आम्ही सावकार नव्हे आणि हिशेबतपासनीसही नव्हे. परंतु चाक हा आपल्या सुतार-लोहार समाजाचा पिढीजात विषय आहे. चाक उधार देणे, त्याचे दाम हप्त्याहप्त्याने घेणे, त्यातून कोणी उभा राहणे आणि कोणी बुडणे, हे या जिल्ह्याने पूर्वीही पाहिले आहे. तेव्हा नव्या प्रश्नाकडे जुन्या अनुभवाच्या उजेडात पाहावे, या हेतूने हा लेख सिद्ध केला आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर असे झाले. तथापि जुन्या घटना सांगताना आम्ही त्या काळचे नाव ठेवले आहे, याबद्दल गैरसमज नसावा.

बलुत्याचे चाक

लाकडी चाकाची रचना आजच्या मुलांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मध्यभागी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले पुठ्ठे, आणि या सर्वांस बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. तुंब्यास आणि पुठ्ठ्यांस बाभळीचे लाकूड उत्तम. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करीत, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवीत, फुगलेली धाव चाकावर बसवीत आणि लगेच पाणी ओतीत. लोखंड आकसले की सारे सांधे घट्ट होत. लाकूड सुताराचे, धाव लोहाराची, आणि चाक दोघांच्या मेळाचे, असे हे काम होते.

उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसे आणि धाव सैल पडे. मग ती उतरवून, थोडी कापून, पुन्हा चढवावी लागे. आरा मोडे, तुंबा झिजे. ही डागडुजी वर्षभर चालू असे आणि तिचा मोबदला दर वेळी रोख मिळत नसे. शेतकऱ्याच्या खळ्यावर रास पडली म्हणजे सुतार-लोहारास त्यांचे बलुते मिळे. नवी गाडी घडविण्याचे दाम वेगळे ठरे. पण जुनी गाडी चालती ठेवण्याचे काम बलुत्यात धरलेले असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आहे, आणि त्या ग्रंथाचे नावच गाडीवरून पडले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

बलुतेपद्धती सुवर्णयुग होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पाटलाची मर्जी फिरली की कारागिराची पायली कमी भरे. दुष्काळात खळेच रिकामे राही. आणि जन्माने पदरी आलेल्या कामातून सुटका नसे. परंतु त्या व्यवहारात दोन गुण होते. पहिला असा की, चाकाची झीज ही घडविणाऱ्याच्याही माथ्यावर होती. चाक वारंवार मोडले तर त्याचेच श्रम वाढत; म्हणून चाक टिकावे यात शेतकऱ्याचे आणि कारागिराचे हित एकच होते. दुसरा असा की, देणे फेडण्याची वेळ आणि हाती धान्य येण्याची वेळ एकच होती. हे दोन गुण वाचकांनी मनात ठेवावे. पुढे प्रत्येक पायरीवर त्यांचा उपयोग पडणार आहे.

रोखीची गाडी आणि कागदाचे कर्ज

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या गाड्या ओबडधोबड होत्या. भरीव लाकडाच्या, कोठे कोठे दगडाच्याही चाकांच्या. १८३० नंतरच्या काळात सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णी येथे गैस्फर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सुधारलेल्या, हलक्या गाड्या तयार होऊ लागल्या आणि हळूहळू तोच नमुना आसपासच्या मुलखात पसरला. पुढे १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला. माल स्टेशनावर पोहोचवावयाचा म्हणजे चांगली गाडी हवी, आणि चांगली गाडी म्हणजे रोख पैसा हवा. बलुत्याने चालणारे चाक येथे प्रथमच कर्जाच्या वाटेला लागले.

त्या कर्जाचे स्वरूप काय होते, हे १८७५ साली उघड झाले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, आणि लवकरच आपल्या जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत तालुक्यांत तीच आग पसरली. दंगेखोरांचा रोख माणसांच्या जिवापेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि खतपत्रे हुडकून काढून जाळणे हा त्यांचा मुख्य उद्योग होता. कारण साधे होते. मुद्दल किती घेतले, व्याज किती झाले, फेड किती केली, हे कुणब्यास वाचता येत नव्हते. आणि जे वाचता येत नाही त्यावर अंगठा मात्र त्याचाच होता.

सरकारने चौकशी-मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो प्रथम लागू झाला. त्यातील तत्त्वे आजही शिकण्यासारखी आहेत. न्यायालयाने केवळ रोख्यावरची रक्कम न पाहता मूळ व्यवहाराचा इतिहास तपासावा. रोखे निबंधकासमोर लिहिले जावेत. धनकोने पैसे मिळाल्याची पावती द्यावी आणि मागितल्यास हिशेब लिहून द्यावा. देणे हप्त्यांनी फेडण्याची सवलत असावी. म्हणजे हप्त्याचा व्यवहार हा जिल्ह्याला परदेशातून नुकताच आलेला पाहुणा नव्हे. हप्त्याच्या व्यवहारास पावती आणि स्वच्छ हिशेब नसेल तर काय होते, हे याच मातीने जगास दाखविले आहे.

भाडेखरेदीचा जन्म

आता भाडेखरेदी ही वस्तू आली कोठून, ते पाहू. मौज अशी की, तिचा जन्मही चाकांवरच झाला. इंग्लंडात कोळशाच्या खाणवाल्यांना रेल्वेचे वाघिणीडबे हवे होते, पण एकदम विकत घेण्याइतके भांडवल त्यांच्याजवळ नव्हते. १८५५ साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम वॅगन कंपनीने हे डबे भाड्याने द्यावे, ठरलेल्या मुदतीनंतर ते खाणवाल्याचे व्हावे, असा प्रघात पाडला. अमेरिकेत सिंगर कंपनीने त्याच सुमारास शिवणयंत्रे याच रीतीने घरोघर पोहोचविली.

या व्यवहाराचे कायदेशीर मर्म १८९५ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने एका पियानोच्या दाव्यात स्पष्ट केले. हेल्बी नावाच्या दुकानदाराने पियानो ३६ मासिक हप्त्यांवर भाड्याने दिला. भाडेकऱ्याने तो मधेच मॅथ्यूज नावाच्या सावकाराकडे गहाण टाकला. पियानो कोणाचा, असा वाद पडला. न्यायपीठ म्हणाले, भाडेकऱ्यास वस्तू केव्हाही परत करण्याची मोकळीक होती, ती विकत घेण्याचे बंधन नव्हते. म्हणून शेवटचा हप्ता पडेपर्यंत पियानो दुकानदाराचाच.

भाडेखरेदीची सारी ताकद आणि सारी मेख या एका वाक्यात आहे. शेवटचा हप्ता पडेपर्यंत वापरणारा राबतो एकाच्या हाताने आणि मालकी राहते दुसऱ्याच्या हाती. डब्यास वा पियानोस हे शोभते, कारण तो वीस वर्षे टिकतो; परत घेतला तरी त्याला किंमत येते. टायरास हे कितपत शोभेल, हा आमच्या लेखाचा खरा प्रश्न आहे.

ऊस आला, टायर आला

हवेचा टायर १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप यांनी सायकलीसाठी सिद्ध केला. १९३६ साली डनलॉप कंपनीने बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे कारखाना काढला आणि पुढे बैलगाडीसाठी खास टायरही भारतात सर्रास मिळू लागले. इकडे आपल्या जिल्ह्याचे रूप पाण्याने पालटत होते. गोदावरीचे कालवे झाले, १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि हरेगाव, टिळकनगर येथे खाजगी साखर कारखाने उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष आणि विठ्ठलराव विखे पाटील उपाध्यक्ष, अशी ती जोडी सर्वांस परिचित आहे.

तोडलेला ऊस तासातासाने वाळतो आणि साखरेचा उतारा घटतो. म्हणून तो फडातून कारखान्यावर लवकर पोहोचणे हा कारखान्याचा प्राण आहे. लाकडी चाकाची गाडी काळ्या रानातल्या चिखलात रुते, रस्ते खणून टाकी, आणि बैलांच्या मानेवर भार पडे. टायरगाडी तेवढ्याच बैलांच्या जोडीवर कितीतरी अधिक ऊस ओढी. म्हणून कारखान्यांनी टायरगाड्या स्वतःच बाळगल्या आणि हंगामापुरत्या ऊसतोडणी-वाहतूक कामगारांस भाड्याने दिल्या. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून कुटुंबेच्या कुटुंबे बैल घेऊन येत. बैल कामगाराचे, टायरगाडी कारखान्याची. मुकादमामार्फत घेतलेली उचल आणि गाडीचे भाडे वाहतुकीच्या बिलातून वळते होई.

याचा परिणाम आपल्या समाजावर काय झाला, हे आम्ही घरातच पाहिले. आमचे आजोबा चाके भरीत. अंगणात बाभळीचे ओंडके वर्षानुवर्षे सुकत पडलेले असत, आणि धाव चढविण्याच्या दिवशी अर्धे गाव जमे. टायरगाड्या आल्यावर आधी नवी चाके थांबली, मग डागडुजीही थांबली. आजोबा एकदा फडावर जाऊन टायरगाडी खालून-वरून निरखून आले आणि घरी येऊन म्हणाले, "गाडी झकास आहे. पण ती हाकणाऱ्याची कधीच व्हायची नाही." आम्ही तेव्हा लहान होतो; त्या बोलण्याचा अर्थ पुढे कळला. दरसाल भाडे भरणारा गाडीवान दहा हंगामांनंतरही पहिल्या दिवशी होता तेथेच राहिला. बैल मेले तर त्याचे मेले. गाडी मात्र कारखान्याच्या आवारात सुखरूप उभी राहिली.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टायरगाडी विकत घेण्याची ऐपत त्या गाडीवानाजवळ नव्हती. भाड्याची सोय नसती तर त्याला हंगामाचे कामच मिळाले नसते. भाडेही बिलातून, म्हणजे हाती पैसा येण्याच्या वेळीच कापले जाई. बलुत्याचा दुसरा गुण येथे शिल्लक होता. नाहीसा झाला तो पहिला गुण. आणि मालकीची वाट तर येथे नव्हतीच.

मोटारीचे युग

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली, ही आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट आहे. त्यानंतर मालमोटारी, टेंपो, रिक्षा, ट्रॅक्टर एकामागून एक आले. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगची 'लुना' नगरच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. विकत घेणारे पुष्कळ, पण रोख देणारे थोडे. १९५४ साली मद्रासमध्ये निघालेल्या सुंदरम फायनान्ससारख्या संस्थांनी मालमोटारी हप्त्यावर देण्याचा व्यवसाय देशभर रूढ केला, आणि हजारो चालक त्यामुळे मालक झाले. ही भाडेखरेदीची उजळ बाजू होय. मालमोटार कमावते, हप्ते संपल्यावरही ती अनेक वर्षे धावते, आणि सरकारी नोंदपुस्तकात तिच्यावर कोणाचा बोजा आहे हे लिहिलेले असते.

१९७२ साली संसदेने भाडेखरेदीचा स्वतंत्र कायदा संमत केला. पण तो कधीच अमलात आला नाही आणि २००५ साली रद्द झाला. त्यामुळे हा व्यवहार आजही मुख्यतः १८७२ चा करार कायदा, १९३० चा मालविक्री कायदा आणि न्यायालयांचे निवाडे यांवरच चालतो. थकलेली वस्तू गुंडांकरवी ओढून नेणे बेकायदेशीर आहे, अशी कानउघाडणी सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका मोठ्या बँकेला केली आहे. दुकान काढू पाहणाऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे.

अमेरिकेतील दुकाने

भाड्याने घ्या आणि शेवटी मालक व्हा, या पद्धतीची दुकाने अमेरिकेत १९६० च्या दशकापासून वाढली. प्रथम दूरचित्रवाणी संच, शीतकपाटे, पलंग; पुढे मोटारींची चाके आणि टायरही. तेथे मोटारीवाचून माणूस कामावर जाऊ शकत नाही, आणि ज्याची बँकेत पत नाही त्याला टायर उधार मिळत नाही. या दोन गोष्टींवर तो धंदा उभा आहे. पैसे आठवड्याला वा पंधरवड्याला, म्हणजे पगाराच्या दिवशी द्यावयाचे, आणि गिऱ्हाइकास वस्तू केव्हाही परत करता येते. हेल्बीच्या पियानोचेच हे नातवंड. तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, अशा रीतीने नेलेल्या वस्तूंपैकी सुमारे ७० टक्के वस्तू अखेर गिऱ्हाइकाच्या मालकीच्या झाल्या असे आढळले. म्हणजे उरलेल्या ३० टक्के परत आल्या वा तशाच गेल्या.

तेथे फ्रँचायझी विकणाऱ्या कंपनीला करारापूर्वी निदान १४ दिवस आधी आपल्या धंद्याची, खर्चाची, दाव्यांची आणि जुन्या दुकानदारांची माहिती लेखी द्यावी लागते. आपल्या देशात फ्रँचायझीपुरता असा स्वतंत्र कायदा नाही. जे तेथे कायदा मागतो, ते येथे आपण स्वतः मागितले पाहिजे.

हिशेब मांडून पाहू

आता आम्ही एक उदाहरण मांडतो. यातील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. कोणत्याही कंपनीचे नाहीत. आपल्या योजनेतील आकडे त्या जागी घालून वाचकांनी हाच हिशेब पुन्हा करावा.

चार टायर-डिस्कचा एक संच दुकानदारास ३०,००० रुपयांस पडतो. गिऱ्हाइकास तो दर आठवड्यास १,००० रुपये याप्रमाणे ७२ आठवडे, म्हणजे सुमारे १७ महिने, दिला. एकूण ७२,००० रुपये. ऐकताना हा आकडा गोड वाटतो. परंतु दहा संच दिले आणि सात गिऱ्हाइकांनी पुरे हप्ते भरले, तिघांनी २० आठवड्यांनंतर सोडून दिले, असे धरा. सातांचे ५,०४,००० आणि तिघांचे ६०,००० मिळून ५,६४,००० जमा. त्यातून मालाचे ३,००,००० आणि कंपनीची रॉयल्टी जमेवर ६ टक्के, म्हणजे ३३,८४०, वजा जाता २,३०,१६० उरतात. परत आलेले झिजके टायर शून्य किमतीचे धरले आहेत, आणि ते बरोबरच आहे.

आता दुकानाचे भाडे, दोन-तीन माणसांचा पगार, वीज, वसुलीचा फेरा असा खर्च महिना ६०,००० धरला तर १७ महिन्यांचा १०,२०,००० होतो. तेवढा भरून काढण्यासच सुमारे ४५ संच फिरते हवेत, आणि त्यांच्या मालातच १३,५०,००० रुपये गुंततात. कंपनीचे प्रवेशशुल्क, यंत्रसामग्री आणि आपल्या पैशावरचे व्याज अजून धरलेलेच नाही.

आणि जर दहांपैकी सातऐवजी पाचच गिऱ्हाइके टिकली तर? जमा ४,६०,००० वर येते. माल आणि २७,६०० रुपये रॉयल्टी वजा जाता केवळ १,३२,४०० उरतात. मग तोच खर्च भागविण्यास ७८ संच लागतात. दर दहांत दोन गिऱ्हाइके गळाली, तर भांडवलाची गरज पाऊणपट वाढली. यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. या धंद्यात पैसा रबरात गुंतत नाही. तो माणसाच्या पतीत गुंततो. टायर झिजतो, हप्ता झिजत नाही; आणि झिजलेल्या टायरावर पूर्ण हप्ता मागण्याची वेळ आली की तंटा ठरलेला. घर, जमीन, मालमोटार परत घेतली तर तिला मोल असते. नगर-दौंड रस्त्यावर सहा महिने भरल्या गाडीखाली फिरलेला टायर परत घेऊन रिमोल्ड करण्यावाचून त्याचे दुसरे काही होत नाही.

आणखी एक भेद आहे. अमेरिकेत पगार आठवड्याचा, म्हणून हप्ता आठवड्याचा. आपल्याकडे टेंपोवाल्याचा पैसा बाजाराच्या दिवशी, ट्रॅक्टरवाल्याचा उसाच्या हंगामात, शेतकऱ्याचा कांदा वा कापूस विकल्यावर येतो. मृगात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते, पण हप्ता उभा राहत नाही. आपल्या वाडवडिलांनी बलुते खळ्यावर ठेवले ते काही अडाणीपणाने नव्हे.

मग करावे काय?

या योजनेस आमचा सरसकट विरोध नाही. एरवी पत नसलेल्या कष्टकऱ्यास चांगले टायर मिळून त्याची गाडी चालू राहत असेल, तर ते काम सचोटीने करणाऱ्याने दोन पैसे मिळवावेत, यात गैर काही नाही. परंतु पैसा घालण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी मागाव्या, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिली गोष्ट, ज्यांनी दुकान सोडले अशा जुन्या दुकानदारांची नावे. चालू दुकाने कंपनी आपण होऊन दाखवील. बंद पडलेली आपण विचारल्यावाचून दिसणार नाहीत. दुसरी, वसुलीचे खरे प्रमाण: दहांपैकी किती गिऱ्हाइके शेवटच्या हप्त्यापर्यंत टिकतात. तिसरी, पंक्चर, फाटणे आणि सदोष माल यांची झीज कोण सोसणार: कंपनी, दुकानदार की गिऱ्हाईक. चौथी, करार मराठीत आहे काय, रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी लिहिली आहे काय, प्रत्येक हप्त्याची पावती मिळते काय. पाचवी, परवाने. कराराचे रूप कर्जाचे ठरत असेल तर राज्याचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा आणि बिगरबँक वित्तसंस्थांसाठी रिझर्व्ह बँकेची नोंदणी, यांचा विचार वकिलाकडून आधी करून घ्यावा. आणि भावकीतून, शेजाऱ्यांतून ठेवी गोळा करून दुकान काढणे तर कटाक्षाने टाळावे. ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्य कायदा आणि २०१९ चा केंद्रीय कायदा या बाबतीत कडक आहेत.

हे आम्ही कोरडे सांगत नाही. आमच्याच नात्यातील एका कुटुंबाने काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या टायर-दुकानासाठी घर गहाण टाकले होते. छापील पत्रकावरचा नफा त्यांनी मोजला. सोडून गेलेले दुकानदार मोजले नाहीत. दोन वर्षांत दुकान बंद झाले. घर सोडविण्यास सहा वर्षे लागली, आणि त्यात मुलीचे शिक्षण थांबले. त्या घरातील वहिनी आजही म्हणतात, "भाऊजी, एक माणूस जरी आधी बोलला असता!" हा लेख म्हणजे ते आधी बोलणेच समजावे.

दुसरी वाटही आहे. आपल्याजवळ पैशाहून जुने भांडवल आहे ते हाताचे. चाक काढणे, बसविणे, तोल साधणे, सरळ करणे, रिमोल्ड करणे या कामाची गरज प्रत्येक हमरस्त्यावर आहे, आणि त्यास कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार आणि लोहार दोन्ही आहेत. पात्र कारागिरास प्रशिक्षण आणि तारणाविना प्रथम १ लाख, नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळण्याची सोय आहे. स्वतःचे अवजार असलेल्या माणसाने आधी दुरुस्तीचे दुकान स्थिर करावे, गिऱ्हाईक ओळखीचे करावे, आणि मग दहा-पाच संच हप्त्याने देऊन पाहावे. ज्याची गाडी आपण रोज पाहतो त्याची पत आपल्यास कागदावाचून कळते. झीज आपल्या नजरेखाली राहिली की बलुत्याचा पहिला गुण परत येतो. आणि हप्ता हंगामावर ठेवला की दुसराही येतो.

विखे पाटलांनी कारखान्याआधी लोणीत पतपेढी काढली होती, हेही या ठिकाणी आठवावे. आधी पत, मग गिरणी. कष्टकऱ्याच्या मालकीचा कारखाना निघू शकला. कष्टकऱ्याच्या मालकीचे चाक अजून निघावयाचे आहे. ते आपल्या समाजाच्या हातून निघाले, तर आजोबांनी फडावरून परत येऊन काढलेले उद्गार खोटे ठरतील, आणि ते खोटे ठरलेले पाहून त्यांच्याइतका आनंद दुसऱ्या कोणास झाला नसता.

हे विचार समाजबंधूंनी घरातील थोरांसमवेत आणि विशेषतः घराचा हिशेब सांभाळणाऱ्या भगिनींसमवेत वाचावे, त्यात उणे असेल ते दाखवावे, आणि सही करण्यापूर्वी एकमेकांशी बोलावे, एवढीच नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.